मानीतली भटकंती: पाणी, चुनखडी आणि आठ दिवसांचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला पाच जणांचा गट, सगळे सह्याद्रीत नियमित भटकणारे, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रीसमधल्या मानी भागात आठ दिवस चालायला जाणार आहेत. डोंगर, किनारा आणि प्राचीन अवशेष तिन्ही हवेत. दोघं शाकाहारी आहेत. तिथल्या ताइगेतोस डोंगररांगेचं सर्वोच्च शिखर जमेल का, वाटाड्या लागेल का, पाणी किती न्यावं, आणि राजगड-तोरणा एका दिवसात करणाऱ्यांना हे कितपत अवघड जाईल, असं त्यांनी विचारलं आहे.

दमाच्या बाबतीत तुम्हाला काहीच अडचण येणार नाही. अडचण येईल ती सवयींमुळे. सह्याद्रीत अंगवळणी पडलेल्या दोन गोष्टी मानीत उलट्या होतात: पायाखालचा दगड आणि पाणी. ही दोन नीट समजून घेतलीत तर बाकीचं सगळं सोपं आहे, म्हणून आधी त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो.

पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला समुद्रात तीन बोटं निघालेली दिसतात. मधलं बोट म्हणजे मानी. ताइगेतोसची डोंगररांग उत्तरेकडून येते, या बोटाचा कणा बनते आणि शेवटी तेनारो भूशिरावर समुद्रात उतरते. ग्रीसच्या मुख्य भूमीचं हे दक्षिण टोक. रांगेतलं सर्वोच्च शिखर प्रोफितिस इलियास, उंची 2,407 मीटर. पेलोपोनीजमध्ये याहून उंच काही नाही. आणि या शिखरापासून मेसिनियाच्या आखाताचं पाणी सरळ रेषेत वीस किलोमीटरच्याही आत आहे. नकाशावर अंतरं चिमुकली वाटतात आणि प्रत्यक्षात दिवस अपुरा पडतो, त्याचं कारण हेच.

हा सगळा डोंगर मुख्यतः चुनखडीचा आणि संगमरवराचा. आपल्या बेसाल्टवर पडलेलं पाणी वर साचतं, झिरपतं, कातळाच्या थरांमधून पुन्हा बाहेर येतं. म्हणून गडांवर टाकी बारमाही भरलेली सापडतात. चुनखडी पावसाच्या पाण्यात विरघळून भेगाळते आणि पाणी आत ओढून घेते. भेगांतून ते खोल जातं आणि कित्येकदा थेट समुद्रकाठी किंवा समुद्राच्या तळाशी बाहेर पडतं. त्यामुळे नकाशावर नदीची ठळक निळी रेघ दिसली, तरी तिथे पांढऱ्या गोट्यांचं कोरडं पात्र असतं. त्यात पाऊसमान भूमध्य सागरी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, तिकडे नेमका तोच काळ कोरडा ठाक, पाऊस हिवाळ्यात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तुम्ही पोचाल तेव्हा जमिनीने चार-पाच महिने म्हणण्यासारखा पाऊस पाहिलेला नसेल. पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरमधला भरलेला डोंगर डोळ्यांपुढे ठेवून निघालात, तर पहिल्याच दिवशी फसाल.

पाण्याचा हिशोब म्हणून असा धरा. थंड, ढगाळ दिवशी तासाला अर्धा लिटर. उन्हात, सावली नसलेल्या चढावर पाऊण ते एक लिटर. सहा-सात तासांच्या चालीला माणशी चार लिटर, आणि त्यातलं एक लिटर परतीच्या शेवटच्या टप्प्यासाठी न उघडलेलं. गावातल्या चौकात बहुधा नळ किंवा झरा असतो, त्याला ‘व्रीसी’ म्हणतात. तिथे भरून घ्या, पण पुढचा झरा वाहता असेलच असं गृहीत धरून पाणी कमी नेऊ नका. वाटेत दगडी हौद आणि झाकण लावलेली टाकी दिसतील. त्यांत छपरावरचं पावसाचं पाणी साठवलेलं असतं, शेळ्यामेंढ्यांसाठी, आणि बहुतेक खासगी. गाळून-उकळून वापरण्याचा प्रसंग आलाच तर गोष्ट वेगळी, पण त्यावर बेत आखायचा नाही. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. घाम चटकन वाळतो म्हणून किती गेला ते कळत नाही, आणि दुपारनंतर डोकं दुखू लागलं की ते नुसत्या पाण्याने थांबत नाही.

आता दगड. मानीतल्या बऱ्याच वाटा ‘काल्देरिमी’ आहेत, म्हणजे खेचरं आणि गाढवं जाण्यासाठी दगड रोवून केलेली जुनी फरसबंदी वाट. चढावर तिला रुंद, तिरक्या पायऱ्या असतात, बाहेरच्या बाजूला दगडांची कड. चढताना ती राजरस्त्यासारखी सुखाची. उतरताना मात्र पिढ्यान्पिढ्यांच्या खुरांनी गुळगुळीत झालेली चुनखडी पायाला धरत नाही. चार थेंब पडले किंवा सकाळचं दव असलं की ओल्या साबणावर चालल्यासारखं होतं. आपल्या काळ्या कातळावर कोरड्या दिवसांत बूट जसा घट्ट बसतो, तो विश्वास इथे ठेवू नये. पावलं आखूड टाका, टाच आधी टेकवू नका, पूर्ण तळवा एकदम ठेवा. घसरून पडणं बहुतेक वेळा उतरणीच्या शेवटच्या अर्ध्या तासात होतं, कारण गुडघे थकलेले आणि लक्ष समुद्राकडे.

जिथे फरसबंदी नाही तिथे उघडी चुनखडी पावसाने कुरतडून सुरीच्या पात्यांसारखी झालेली असते. तिच्यावर हात टेकला तरी कातडी फाटते. म्हणून बूट घोट्यापर्यंतचे आणि जाड, ताठ तळव्याचे हवेत. सह्याद्रीत अनेक जण पातळ तळव्याच्या रबरी बुटांवर वर्षानुवर्षं भागवतात आणि तिथे ते उत्तम चालतात; मानीत दोन दिवसांत तळपायाला प्रत्येक खडा टोचू लागेल. नवे बूट घेणार असाल तर निदान साठ-सत्तर किलोमीटर चालून पायाला बसवून मग न्या. पातळ हातमोज्यांची एक जोडी आणि पूर्ण लांबीची पँट हवीच: वाटेकडेची झुडपं काटेरी आहेत आणि न वापरलेल्या वाटा ती दोन-तीन वर्षांत गिळून टाकतात. काठ्या जरूर न्या.

मुक्कामासाठी पहिले तीन दिवस कार्दामिली हे गाव धरा. कालामाता शहरापासून दक्षिणेला सुमारे 35 किलोमीटर, बसने तासभर. भारतातून येताना अथेन्स सोयीचं. अथेन्सच्या किफिसोस बसस्थानकावरून ‘क्तेल’ची, म्हणजे तिथल्या जिल्हा बससेवेची, बस सुमारे तीन तासांत कालामाताला आणते, तिथून कार्दामिलीची बस बदलायची. या दुसऱ्या बसच्या फेऱ्या दिवसाला मोजक्याच असतात आणि रविवारी आणखी कमी, म्हणून अथेन्सहून सकाळची पहिली किंवा दुसरी गाडी पकडा. दुपारची पकडलीत तर कालामातात रात्र काढण्याची तयारी ठेवा.

कार्दामिलीचं नाव होमरच्या इलियडमध्ये आहे. रुसलेल्या अकिलीसला परत आणण्यासाठी अगामेम्नॉन सात शहरं देऊ करतो, त्यांतलं हे एक. दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी इथून गेला तेव्हा त्याने नोंदवलं की गाव समुद्रापासून आठ स्टेडियम आत आहे, म्हणजे जेमतेम दीड किलोमीटर, आणि सम्राट ऑगस्टसने ते मेसिनियाकडून काढून स्पार्टाला जोडलं आहे. ही नोंद चालणाऱ्याच्या उपयोगाची आहे. प्राचीन वस्तीचा टेकडीवरचा भाग किनाऱ्यावर शोधू नका, आत वर शोधा. आणि स्पार्टा डोंगराच्या पलीकडे असल्यामुळे स्पार्टाहून या बंदराकडे येणारी वाट विरोस घळीतून जाते, हेही लगेच उमगतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी ज्या वाटेने जाल ती हीच.

पहिला दिवस पाय मोकळे करायला ठेवा. हमरस्त्यावरून जुन्या कार्दामिलीत शिरा: मूर्त्सिनोस घराण्याचा बुरूज, त्याच्याशेजारी सुबक घंटाघराचं संत स्पिरिदोनचं चर्च. तिथून फरसबंदी वाट वर निघते आणि थोड्याच वेळात खडकात कोरलेली दोन थडगी लागतात. लोक त्यांना कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या वीरांची थडगी म्हणतात. पुढे चढ वाढतो आणि वाट अगिया सोफिया या वस्तीला पोचते. खाली गाव, समोर मेरोपी हे छोटं बेट, उत्तरेला विरोसचं तोंड. इथून पेत्रोवूनीकडे वळून दुसऱ्या फरसबंदी वाटेने कार्दामिलीत उतरा. अडीच-तीन तास पुरतात, पाणी दीड-दोन लिटर. या वर्तुळाचा खरा उपयोग वेगळाच आहे: खुणा वाचायला शिकणं. कुठे लाल रंगाचा ठिपका, कुठे झाडाला ठोकलेली आकडा लिहिलेली पत्र्याची पट्टी, कुठे नुसती लगोरीसारखी रचलेली दगडांची चळत. दहा मिनिटं चाललात आणि यांपैकी काहीच दिसलं नाही, तर पुढे जाऊ नका. शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. मेंढरांच्या वाटा हुबेहूब पायवाटेसारख्या दिसतात आणि काट्यांत नेऊन सोडतात. आपल्याकडच्या ढोरवाटांनी चकवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा दिवस विरोस घळीचा. ही घळ प्रोफितिस इलियासच्या उतारांपासून कार्दामिलीच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे वीस किलोमीटर आहे. सगळी चालायची नाही. गावाच्या उत्तर बाजूने कोरड्या पात्रात शिरा. पहिल्या तासात पात्र रुंद आणि गोट्यांनी भरलेलं. वेग ताशी दोन किलोमीटरच्या वर जात नाही आणि इथेच बहुतेकांचं वेळापत्रक कोलमडतं. प्रत्येक पाऊल हलणाऱ्या दगडावर पडतं, घोट्याला विश्रांतीच नाही. कडेने जुन्या वाटेचे तुकडे दिसले की पात्र सोडून त्यावर चढा, ते संपले की पुन्हा खाली या. आधी सोतिरोस मठ लागतो, पुढे लिकाकी मठ, दोन्ही ओसाड. लिकाकीजवळ घळीच्या दोन्ही भिंतींवर फरसबंदी वाटा नागमोडी चढतात, उत्तरेला त्सेरिया गावाकडे, दक्षिणेला एक्सोहोरीकडे. तुम्ही एक्सोहोरीची धरा. तिथून पेत्रोवूनी-अगिया सोफियाच्या बाजूने कार्दामिलीत उतरण्याची वाट आदल्या दिवशी अर्धी ओळखीची झालेली असते, आणि संध्याकाळच्या उजेडात ओळखीच्या वाटेवर असणं फार मोलाचं. थांबे धरून एकूण सहा ते सात तास. सकाळी आठला पात्रात हवं.

विरोसमध्ये दोन गोष्टींना जपायचं. पहिली, पाऊस. पात्र कोरडं आहे ते केवळ पाऊस नाही म्हणून. वर ताइगेतोसवर गडगडाटी सर पडली तर खाली निळं आकाश असतानाही पाणी येऊ शकतं. ऑक्टोबरमध्ये अशा सरी सुरू होतात. अंदाजात वादळी पाऊस असेल किंवा डोंगरावर काळे ढग अडकलेले दिसले, तर त्या दिवशी घळ रद्द; त्याऐवजी वरच्या गावांमधल्या वाटा चाला. पात्रात असताना गडगडाट ऐकलात तर माघारी पळत सुटण्यापेक्षा जवळच्या वाटेने भिंतीवर चढा. दुसरी, वरून येणारे दगड. कड्यांवर शेळ्या चरतात आणि त्यांच्या पायांनी दगड सुटतात. भिंतीला टेकून जेवायला बसू नका. घळीत मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणी वाट आणि परतण्याची वेळ सांगून निघा.

आता शिखर. मी ते पश्चिमेकडून, कार्दामिलीच्या बाजूने, करू नका असंच सांगेन. समुद्रसपाटीपासून 2,400 मीटरची चढाई, मध्ये लांबलचक जंगलरस्ते, पाण्याची खात्री नाही. पूर्वेकडची बाजू योग्य. स्पार्टाच्या दक्षिणेला पालिओपानागिया गाव आहे. तिथून डोंगराचा रस्ता मांगानियारीच्या झऱ्यापर्यंत आणि पुढे स्पार्टाच्या गिर्यारोहण संघाच्या आश्रयगृहाच्या दिशेने जातो. आश्रयगृह सुमारे 1,550 मीटरवर आहे. ते रोज उघडं नसतं. संघाशी आधी बोलून ठरवावं लागतं, आणि जमलं नाही तर पहाटे स्पार्टाहून टॅक्सीने येऊन त्याच दिवशी परतायचं. मांगानियारीला सगळ्या बाटल्या भरा. वर शिखरापर्यंत पाणी नाही.

आश्रयगृहापासून माथ्यापर्यंत चढ साडेआठशे मीटरच्या आसपास, तीन ते साडेतीन तास, उतरायला अडीच. सुरुवातीला काळ्या पाइनचं आणि फरचं जंगल, मग झाडं एकदम संपतात आणि उघडा, राखाडी, कोरडा डोंगर समोर येतो. पोर्तेस नावाच्या खिंडीतून वाट धारेपलीकडे जाते. खिंडीपर्यंत आडोसा असतो. ती ओलांडली की समुद्रावरून येणारा वारा तोंडावर बसतो. खाली तीस अंश असताना इथे वाऱ्यामुळे पाच-सहा अंशांसारखं वाटू शकतं, म्हणून वाऱ्याचं जाकीट, कानटोपी आणि हातमोजे खिंडीच्या अलीकडेच काढून चढवा. पुढचा टप्पा घसाऱ्याचा. वाट दिसते, दृष्टिभय असा प्रकार फारसा नाही, पण ढग उतरले तर राखाडी घसाऱ्यात राखाडी वाट सापडत नाही. जाताना जीपीएसवर माग नोंदवत चला आणि कागदी नकाशा सोबत ठेवा; अनावासी आणि टेरेन या प्रकाशकांचे नकाशे चालणाऱ्यांसाठीच केलेले असतात. धारेवर ढग बसलेला असेल तर खिंडीतून परत फिरण्यात कमीपणा नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सहसा बर्फ नसतो. एप्रिल-मेमध्ये येणाऱ्यांनी मात्र घळींत टणक बर्फ धरून चालावं, आणि हिवाळ्यात हा डोंगर आइस ॲक्स-क्रॅम्पॉन वापरता येणाऱ्यांचाच.

माथ्यावर प्रेषित एलियाचं बिनछपराचं दगडी प्रार्थनास्थळ आहे आणि भोवती वाऱ्यापासून आडोसा देणाऱ्या दगडी कोठड्या. 20 जुलै हा त्याचा सण. आदल्या रात्री माणसं चढून येतात आणि उजाडेपर्यंत वर थांबतात. आपल्याकडच्या गडावरच्या यात्रेसारखंच. पॉसेनियस सांगतो की ताइगेतोसचं तालेतोन नावाचं टोक सूर्याला वाहिलेलं होतं आणि तिथे घोड्यांचा बळी देत. ते टोक हेच मानलं जातं. सूर्योदयाला माथ्यावर असाल तर पश्चिमेकडे पाहा: डोंगराची काटेकोर त्रिकोणी सावली मेसिनियाच्या आखातावर पडते आणि मिनिटामिनिटाला आखूड होत जाते. त्यासाठी आश्रयगृहातून पहाटे साडेतीनला निघावं लागेल, तेही विजेरीच्या उजेडात घसारा चढत. पाचांपैकी एकालाही रात्री चालण्याची सवय नसेल तर सोडून द्या.

वाटाड्या लागेल का? कार्दामिलीच्या वाटांना नाही. शिखराला, हवा स्वच्छ असेल आणि तुम्ही नकाशा वाचत असाल तर नाही.

दक्षिण मानी वेगळंच जग आहे, आणि माझ्या मते मानीतली सगळ्यात विलक्षण भटकंती इथे आहे, शिखरावर नाही. मुक्काम अरिओपोलीत करा. याच गावातून 17 मार्च 1821 रोजी पेत्रोबेई मावरोमिहालिसच्या नेतृत्वाखाली मानीकरांनी ऑटोमन सत्तेविरुद्ध शस्त्रं उचलली आणि आठवड्याभरात कालामाता घेतलं. कार्दामिलीहून बसने येताना इतिलो या ठिकाणी गाडी बदलावी लागू शकते, कारण मेसिनिया आणि लाकोनिया या दोन जिल्ह्यांच्या बससेवा वेगळ्या. अरिओपोलीच्या पुढे बस अगदीच विरळ, म्हणून इथे दोन-तीन दिवस भाड्याची गाडी घेणं शहाणपणाचं. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना न्यावा लागतो. तो आपल्या आरटीओकडून निघण्याआधीच काढा. दक्षिणेला वळण्यापूर्वी अरिओपोलीतच टाकी भरा.

तिगानी म्हणजे ग्रीकमध्ये तवा. समुद्रात घुसलेली लांब, अरुंद दांडी आणि टोकाला सपाट, उंच कातळ. वरून पाहिलं की नाव पटतं. स्ताव्री गावाजवळून, अगिया किरियाकीच्या बाजूने वाट किनाऱ्याकडे उतरते आणि दांडीवरून टोकावरच्या किल्ल्यापर्यंत जाते. एका बाजूला तास ते सव्वा तास. अंतर थोडं, चढही थोडा, तरीही या आठ दिवसांतली पायांना सगळ्यात जड जाणारी वाट हीच. दांडीवरचा खडक म्हणजे टोकदार सुऱ्यांचं शेत. प्रत्येक पाऊल बघून ठेवावं लागतं, पडलात तर गुडघे आणि तळहात सोलून निघतात. सावलीचं एक झाड नाही. सकाळी लवकर जा, दुपारी बाराच्या आत बाहेर पडा. खडकातल्या उथळ खळग्यांत मीठ साकळलेलं दिसेल. इथे मीठ गोळा करण्याची जुनी पद्धत आहे. टोकावर तटबंदी आणि एका मोठ्या बायझंटाइन चर्चचा पाया. तेराव्या शतकाच्या मध्यावर फ्रँक सरदार ग्योम द व्हिलार्दुएँ याने बांधलेला ‘मैना’ किल्ला तो हाच असं काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. मैना, मिस्त्रास आणि मोनेमवासिया हे तीन किल्ले त्याला पुढे कैदेतून सुटण्याची किंमत म्हणून बायझंटाइन सम्राटाला द्यावे लागले. किल्ले देऊन सुटका करून घेण्याचं राजकारण मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तेनारो त्यामानाने सोपं. रस्ता संपतो तिथून दीपगृहापर्यंत सुमारे दोन किलोमीटर, पाऊण तास, चढउतार किरकोळ. रस्ता संपतो तिथेच असोमाती चर्चचे अवशेष आहेत. पोसायडन या समुद्रदेवाच्या देवळाचे दगड त्यात वापरलेले आहेत. जवळच्या छोट्या खाडीशी गुहा आहे, पाताळाचं दार म्हणून प्रसिद्ध. हेराक्लीसने तीन डोक्यांचा कुत्रा इथूनच वर आणला अशी कथा. पॉसेनियस मात्र स्वच्छ लिहितो की गुहेतून जमिनीखाली जाणारी कुठलीही वाट नाही. वाटेत उघड्यावर रोमन काळातली गोल फरशी लागते, लाटांच्या नक्षीची. चारी बाजूंनी बसून पाहा, पाय ठेवू नका. तिच्या आसपास खडकात कोरलेले घरांचे पाये आणि पाण्याची टाकी नीट शोधा. खाडीचं नाव पोर्तो स्तेर्नेस, आणि ‘स्तेर्ना’ म्हणजे टाकं. गडावर गेल्यावर आधी टाकी मोजणाऱ्याला हे दृश्य ओळखीचं वाटेल: ज्या डोंगराला पाणी नाही, तिथे वस्ती करायची म्हणजे खडक कोरून पाऊस साठवायचा. इथल्या देवळात आश्रय घेतलेल्या गुलामांना हात लावायचा नाही असा दंडक होता. स्पार्टाने तो मोडून त्यांना बाहेर काढून मारलं, आणि नंतरचा मोठा भूकंप त्याचीच शिक्षा, असं स्पार्टाचे लोक मानत असल्याचं थ्यूसिडिडीस हा ग्रीक इतिहासकार लिहितो. दीपगृहाच्या टोकावर वारा जोरात असेल तर कड्याजवळ जाऊ नका. टोपीला बंद लागतोच.

अवशेषांसाठी मिस्त्रासला अख्खी सकाळ द्या. स्पार्टापासून सहा किलोमीटर, 1249 मध्ये याच ग्योमने किल्ला बांधला, पुढे उतारावर बायझंटाइन शहर वाढलं. 1989 पासून जागतिक वारसा. प्रवेशद्वारं दोन आहेत, वरचं आणि खालचं. टॅक्सीने वरच्या दाराशी उतरा, आधी माथ्यावरचा किल्ला करा, मग राजवाडा आणि पांतानासा मठ बघत खालच्या दाराने बाहेर पडा. साडेतीन-चार तास लागतात आणि उन्हातला चढ निम्म्याहून अधिक वाचतो.

म्हणजे क्रम असा: कार्दामिलीत तीन रात्री, अरिओपोलीत दोन, मग स्पार्टाला दोन, तिथून मिस्त्रास आणि शिखर, शेवटी अथेन्स. हवा बिघडली तर शिखर आणि मिस्त्रास यांची अदलाबदल करता येते. शिखर शेवटी ठेवण्याचं तेही एक कारण. दुसरं म्हणजे तोवर घोटे चुनखडीला सरावलेले असतात. पंधरा ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य पावणेसातला मावळतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि संध्याकाळ एकदम साडेपाचवर येते, म्हणून सहल पुढे ढकललीत तर सगळे दिवस तासभर आधी सुरू करा.

शाकाहाऱ्यांची काळजी नको, फक्त नावं पाठ करा. ‘यिगांतेस’ म्हणजे टोमॅटोत भाजलेले घेवड्याचे मोठे पांढरे दाणे, आपल्या पावट्याच्या मोठ्या भावासारखे. ‘फासोलादा’ घेवड्याचं दाट सूप. ‘रेविथिया’ काबुली चणे. ‘होर्ता’ उकडलेली रानभाजी, लिंबू आणि ऑलिव्ह तेल घातलेली. ‘ब्रियाम’ भाजलेली मिश्र भाजी. ‘गेमिस्ता’ म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, पण त्यात कधी खिमा असतो, म्हणून आधी विचारा. ‘निस्तिसिमो’ हा शब्द उपासाच्या पदार्थांसाठी वापरतात: मांस, अंडी, दूध काही नसतं, मात्र शिंपले-कोळंबी चालतात, हे लक्षात ठेवा. मानीचं प्रसिद्ध ‘सिंग्लिनो’ हे धुरवलेलं डुकराचं मांस आहे आणि ते ऑम्लेटमध्येही येतं. सॅकमध्ये ठेवायला ‘पास्तेली’ उत्तम, ती मध आणि तिळाची चिक्कीच. सोबत ‘पाक्सिमादी’ हा कडक टोस्ट, चीज आणि ऑलिव्ह. गॅसचं नळकांडं विमानात चालत नाही, आणि ग्रीसमध्ये 1 मे ते 31 ऑक्टोबर वणव्याचा हंगाम असल्यामुळे रानात चूल-स्टोव्ह पेटवण्याचा विचारच नको. उघड्यावर तंबू ठोकणंही बेकायदेशीर आहे.

मेंढपाळांचे कुत्रे अंगावर धावून येतात. ते कळपाची राखण करत असतात, तुमची शिकार नव्हे. पळू नका, नजरेला नजर भिडवू नका, काठी खाली धरून कळपाला मोठा वळसा घाला. गरज पडली तर दगड उचलण्यासाठी वाकल्याचा आविर्भाव पुरतो. वाटेतली फाटकं ज्या स्थितीत सापडली त्याच स्थितीत ठेवा. ऑक्टोबर हा शिकारीचाही हंगाम, म्हणून भडक रंगाचे कपडे घाला. नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला विषारी घोणस जातीचा साप इथे आहे. दगडी गडग्यांच्या फटींत हात घालू नका. दंश झालाच तर पाय हलू न देता 112 ला फोन करा. हाच क्रमांक सगळ्या आपत्तींसाठी. वणवा दिसला तर 199.

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतो, पण ती पॉलिसी ट्रेकिंगला लागू असेलच असं नाही. अपवादांच्या यादीत गिर्यारोहण, साहसी खेळ किंवा उंचीची मर्यादा लिहिलेली असते. 2,407 मीटर आणि डोंगरातून बाहेर काढण्याचा खर्च त्यात बसतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या.